पायाखाली मऊ

"स्टिअरिंग नेमकं. बोट दाखवाल तिकडे वळते," ती रेकॉर्डरला म्हणाली.

नव्या गाड्यांची परीक्षणं लिहायचं तिचं काम. चालवताना सुचेल ते बोलायचं, घरी जाऊन उतरवायचं. आजची गाडी भाड्याची: छोटी, लाल, अंगात वारं भरलेली. शेजारी आई. लेकीच्या हाती स्टिअरिंग असताना ती पहिल्यांदाच बसली होती, तेही मावशीकडे फुकटात पोचता येईल म्हणून.

"माझ्याशी बोलतेस की त्या डबीशी?"

"डबीशी."

"मग डबीला सांग, सीट पाटासारखी आहे."

नोंद. आसन: पाट. (आईचं मत.)

घाट उतरताना ती वळणाआधी वेग वाढवी आणि ऐनवेळी ब्रेक करकचून दाबी. परीक्षणाची तिची ही रीतच होती. सपाट रस्त्यावरची. उतारावर ती आजच करून बघत होती.

"ब्रेक चावरे. पाय टेकला की पकडतात. एकदम चावरे."

"देवा!" आईने पर्स पोटाशी धरली.

पुन्हा वळण. पुन्हा ब्रेक. करपट वास.

"काही जळतंय का गं?"

"डांबर असेल."

पुढचं वळण. तिने पाय दाबला. पेडल

खाली गेलं. उशीत बुडावं तसं. गाडी हळू झाली, पण स्वतःच्या मर्जीने.

ब्रेक तापून निकामी होत होते आणि तापवले होते तिनेच. एका बाजूला दरी, कठडा नाही. आईला कळलं तर ती स्टिअरिंगला हात घालणार. लहानपणी सायकल शिकवताना घाबरून तिने हँडल असंच ओढलं होतं; दोघी गटारात.

म्हणून ती बोलत राहिली.

"आता इंजिनाचा जोर बघू. तिसरा गिअर." इंजिन गुरगुरलं. "दुसरा." किंचाळलं. "छान. फार छान."

डावा हात तिने दोन सीटमधल्या दांड्यावर नेला.

"हँडब्रेक. थोडा थोडा." मागची चाकं थरथरली. "मागचा भाग... खेळकर."

वळण अंगावर आलं. आईचे हात पर्सवरून सुटले. झालं, आता ओढणार!

हात मांड्यांखाली गेले. आईने ते तिथेच दाबून धरले, डोळे मिटले.

"पहिला."

पुढे डोंगराच्या बाजूला रस्तादुरुस्तीची खडी पडली होती. गाडी त्या ढिगात घुसली, खडखडली

थांबली.

चाकांतून धूर येत होता. डबीचा दिवा चालूच.

"तुला कधी कळलं?"

"खेळकर म्हणालीस तेव्हा. सायकलवर असाच आवाज झाला होता तुझा."

"मग ओढलं का नाहीस?"

"गटार तेव्हा उथळ होतं गं." आईचे हात अजून मांड्यांखालीच होते. "काढू का बाहेर आता?"

"थांब जरा," ती म्हणाली. तिचे स्वतःचे स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.