पोटाला घातलेल्या शिव्या

साहेब, एका बाईला तिच्याच पोटाची किळस करायला तुम्ही शिकवलंत. माणूस तुम्ही आणलात, आरसा तुम्ही लावलात, टाळ्याही तुम्हीच वाजवल्यात. आता नाकाला रुमाल लावून बाजूला सरकू नका. बसा आणि ऐका.

तुमच्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना आहे. वरच्या वॉर्डांतली सगळी घाण पत्र्याच्या घसरगुंडीवरून तिथे येऊन पडते. ओकारीनं माखलेल्या चादरी, पू सुकलेले अभ्रे, बाळंतिणींखालची रक्तानं कडक झालेली कापडं. नवं माणूस पहिल्याच आठवड्यात काढता पाय घेतं. आक्का टिकली. गठ्ठा सोडायचा, झटकायचा, निवडायचा आणि यंत्रात कोंबायचा, हे ती घरात बसून पालेभाजी निवडावी तसं करायची. ओल्या चादरी तापल्या रोलरमधून काढणाऱ्या काकू तिला चिडवायच्या, "आक्के, तुझं नाक कुठं गहाण ठेवलंयस गं?"

"अहो काकू, माणूस आतून असाच असतो. त्यात नाक काय मुरडायचं?"

अशी बाई. हिला तुम्ही किळस शिकवलीत.

झालं असं की तिच्या रक्तात साखर निघाली. तिच्या आईचा पाय साखरेनंच गेला होता, त्यामुळे आक्का घाबरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, बेतानं खा, घाबरू नका. चालायचं तर ती चालतच होती. काम सुटलं की ती आणि काकू कालव्याच्या काठानं लांबच्या रस्त्यानं घरी जायच्या, कारण त्यांच्या गप्पा बसमध्ये मावायच्या नाहीत. सासवा, जावा, मुकादमाची नवी टोपी, कुणाकुणाची नक्कल. हसता हसता घर यायचं आणि पाय दुखलेत हे अंथरुणावर पडल्यावर कळायचं. खाण्याचंही तेवढंच सोपं होतं. घास कमी घ्यायचा, साखर सोडायची. जमत होतं हळूहळू.

तेवढ्यात तुम्हाला आमच्या रजा खुपल्या. चाक तुटलेली ढकलगाडी ओढून बायकांच्या कमरा गेल्या, ते चाक तुम्ही कधी बदललं नाहीत. तुम्ही आमची मनं बदलायला माणूस आणलात. पांढरेशुभ्र बूट, तुळतुळीत गाल, ओल्या फरशीवर पाऊल टाकताना चेहरा असा की गटारात उतरतोय. बायकांनी त्याचं नाव ठेवलं मनमास्तर.

"चरबी आधी मनावर चढते, मग पोटावर," मनमास्तर म्हणाला. कपडे बदलायच्या खोलीत त्यानं पुरुषभर उंचीचा आरसा लावून घेतला. एकेकीनं त्यापुढे उभं राहायचं, पोट चिमटीत धरायचं आणि त्याला शिव्या घालायच्या. "स्वतःची किळस आली पाहिजे, ताई! एकदा किळस बसली की हात घासाकडे जातच नाही."

काकूंनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय रे बाबा, जेवलास का?" सगळ्या खो खो हसल्या. मनमास्तरनं त्यांना मागे बसवलं. म्हणे, यांचं मन आजारी आहे.

आक्का हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे आईचा पाय होता. तिनं पोट असं आवळलं की बोटं उमटली. "चरबीचं गाठोडं! लाज नाही वाटत? कोण बघेल तुझ्याकडे?" मनमास्तरनं टाळ्या वाजवल्या. दारात उभं राहून तुम्हीही वाजवल्यात, साहेब. त्या बाईला जन्मात कुणी टाळी दिली नव्हती. ती घरी जाऊन नवऱ्याला आणि लेकीला सांगत सुटली. मग रोज सकाळी मोरीतल्या आरशापुढे तोच पाठ. चिमटा, शिव्या, वर स्वतःलाच टाळी.

गप्पांनी चालण्याची धार जाते, असं मास्तर म्हणाला, म्हणून काकूंची सोबत सुटली. आक्का एकटी, दातओठ खात, पोटावर सूड उगवल्यासारखी चालायला लागली. कालवा तोच, पण आता तिला तो रस्ता नकोसा झाला. आज पाऊल मुरगळलं, उद्या कपडे वाळायचेत. करता करता चालणं बंद पडलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून ती पाव साखरेत बुडवून, न चावता, चोरासारखी गिळायची. गिळून झालं की स्वतःचाच वीट यायचा, आणि वीट आला की पुन्हा पाव. पुढच्या तपासणीत साखर वर गेली होती.

"किळस कमी पडतेय, ताई," मनमास्तर म्हणाला. "वाढवा."

मग एके दिवशी आक्काला घरात वास आला. तिला, जिला कशाचाच वास येत नसे. वासाचा माग काढत तिनं लोखंडी ट्रंक ओढली. मागे पिशव्या होत्या. लेकीच्या डब्यातलं जेवण, गाठी मारून नीट लपवलेलं. हिरवा पडून पाणी सुटलेला भात. फुटलेली अंडी. एका पिशवीत वळवळ. आक्कानं याहून वाईट रोज हाताळलं होतं, पण या वेळी तिला भडभडून आलं. हे तिनं स्वतःच्या हातानं शिजवलेलं होतं. ठकीचे गाल उतरलेत हे तिला दिसत होतं, पण पोरगी म्हणायची, "शाळेत जेवते गं आई," आणि आईला खरं वाटायचं.

मोरीचं दार अर्धं उघडं होतं. ठकी स्टुलावर उभी होती. झगा वर केलेला, आणि जिथं धड कातडीही चिमटीत येत नव्हती तिथं दोन बोटांनी आवळून ती म्हणत होती, "चरबीचं गाठोडं. लाज नाही वाटत? कोण बघेल तुझ्याकडे?" आवाज आईचा. मधले श्वाससुद्धा आईचे. शेवटी पोरीनं हळूच स्वतःला टाळी दिली.

"ठके, काय करतेस गं?"

"व्यायाम."

"कुणी शिकवला?"

"तूच की." आणि मग खाली मान घालून, "आई, माझं मन अजून पक्कं नाही झालं. काल मी केळं खाल्लं."

आक्कानं तिला उचलून घेतलं. पोरीचं वजन हाताला लागलंच नाही. तिनं जवळ घेताच पोरीनं पोट आत ओढून धरलं.

दुसऱ्या दिवशी मनमास्तरचा वर्ग बघायला तळघरात तुमचे पाहुणे आले होते. नमुना म्हणून आक्काला पुढे बोलावलं. तिनं आरशाकडे पाठ केली आणि ट्रंकेमागची एक पिशवी तुमच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवून गाठ सोडली.

पाहुणे खुर्च्या सरकवत उठले. तुमचा रुमाल नाकाशी गेला.

"आक्का, हा काय घाणेरडेपणा?"

"माझ्या लेकीचं जेवण आहे, साहेब."

"बघा, हाच तो नकारात्मक विचार," मनमास्तर पाहुण्यांकडे वळून हसला. "ताई, घरचे प्रश्न आपण घरी..."

"गप रे!" मागून काकू ओरडल्या. "बोलू दे तिला!"

"तुम्ही म्हणालात किळस वाढव, मी वाढवली," आक्का म्हणाली. "आईसारखा माझा पाय जाईल म्हणून मी तुमचं सगळं ऐकलं. माझं काही उतरलं नाही. उतरलं ते पोरीचं. तिच्या पोटावर माझ्या शिव्यांचे वळ आहेत."

"नंतर भेटा मला," तुम्ही घड्याळाकडे बघत म्हणालात.

"नंतर नाही. आज संध्याकाळी मी तिच्यापुढे ताट ठेवणार आहे. ती पोटाला चिमटा काढून माझ्या तोंडाकडे बघेल. तो रुमाल खाली घ्या, साहेब, आणि मला सांगा. तेव्हा मी तिला काय म्हणू? बोला. काय म्हणू?"