वतन

चतुराबाई पाटलीण पहाटे गेली. दिवस कासराभर वर येतो न येतो, तोच तिचा लेक सर्जेराव याचा गडी वसंता रायभानच्या दारात हजर. चतुराबाईच्या लेकीला खबर द्यायला पिंपळगाव रेणुकाईला जायचं होतं. मयताचा सांगावा पायी नेणं हे रायभानच्या घराचं वतन. आजा सांगावे घेऊन जायचा, बाप तर अंगात ताप असतानाही गेला.

आता काय म्हणावं या गावाला! रायभाननं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, वतनंही कायद्यानं गेली. पण गावाच्या डोक्यातून ती काही जाईनात.

वतन या शब्दाचा रायभानला लहानपणापासून राग. निजामाच्या अमलात तो उर्दू शाळेत होता. मौलवी मास्तरांनी सांगितलं होतं, शब्द अरबीतला आहे. माणूस जिथं राहतो ती जागा, आपला मुलूख म्हणजे वतन. पोरगं हरखून घरी आलं, बापाला विचारलं. बाप म्हणाला, पाटलाचं वतन म्हणजे जमीन अन् मान, आपलं म्हणजे मेलेली ढोरं ओढणं अन् सांगावे नेणं. शब्द एकच, अन् वाटणी बघा!

रायभाननं वसंताला बिलकुल नकार दिला. बायको आसराबाई हातातलं काम टाकून पुढं आली. दोघांची रोजी पाटलाच्याच वावरात. एवढ्या खेपेला जा, म्हणून तिनं हातापाया पडून पाहिलं. त्यानं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला अन् थेट पाटलाच्या अंगणात गेला.

सर्जेरावाला वाटलं, आला वळणावर. तो म्हणाला, जल्दी निघ, बहीण आल्याबिगर माती उचलायची न्हाई.

"सांगावा न्हाई नेणार, पाटील," रायभान म्हणाला. "मातीला आलोय."

सर्जेरावाचे डोळे रडून लाल झालेले, ते आणखी लाल झाले.

"गावात राह्यचं न्हाई का तुला?"

"राह्यचंय. म्हणूनच आलो."

एवढं बोलून तो पुरुषमंडळींत जाऊन बसला. शेजारचे दोघं उठून लांब गेले. जाईनात का! शेवटी सर्जेरावानं पुतण्याला, भुजंगला, सायकलवर पिंपळगावला पिटाळलं.

उद्यापासून काम बंद, हे रायभानला बराबर कळलं होतं. आसराबाईलाही कळलं होतं. तरी घटकाभरानं ती डोक्यावर पदर घेऊन अंगणात आली, अन् रडणाऱ्या बायकांत जाऊन बसली.