मागची सीट

शर्मिलाबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्या आत पाहतच राहिल्या. मागची सीट नव्हती. खालचं कार्पेट नव्हतं, दारांची आतली अस्तरं नव्हती, स्टेपनीचा पत्ता नव्हता, पुढची डावीकडची सीटसुद्धा गायब. उरला होता नुसता पत्रा आणि त्यात ड्रायव्हरची एकटी खुर्ची, न्हाव्याच्या दुकानात असते तशी.

"तेजस!" त्यांनी पार्किंगमधून अशी हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचे हिंमतराव खिडकीत आले.

तेजस त्यांचा एकुलता एक. घराजवळच, हडपसरच्या एका आयटी पार्कात नोकरीला होता. तो हसतहसत खाली आला.

"सरप्राइज होतं, आई. वेट रिडक्शन केलंय. शंभर किलो उतरवले! रविवारी माळावर आमच्या कंपनीतल्या मुलांची रेस आहे. जुनी मारुती नव्या गाड्यांना मागे टाकते की नाही बघ."

"फारच हुशार आहेस. आणि उद्या आजीला कशी आणायची? टपावर बांधून?"

तेजसचं हसू मावळलं. आजी म्हणजे शर्मिलाबाईंची आई, सोजरबाई. न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात सळई घातली होती आणि उद्या घरी सोडणार होते. पाय सरळ ठेवायचा, म्हणजे मागच्या सीटवर आडवा पसरूनच आणावं लागणार. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हातारी खवळत होती. "त्या गाडीतून तुझा नवरा गेला तो परत आला न्हाई. मला माझ्या जागंवर बसवून ने." शर्मिलाबाईंनी तसा शब्द दिला होता.

'माझी जागा' म्हणजे ही मागची सीट. सोजरबाईंनी उभा जन्म मंडईत भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या आणि मुलीला शिकवलं. मुलगी जिल्हा परिषदेत चिकटली, आणि चौऱ्याण्णव साली तिने ही गाडी घेतली, वस्तीतली पहिली. त्या दिवशी सोजरबाई चपला बाहेर काढून मागच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. "आता वाहायचं काम हिचं," त्या म्हणाल्या होत्या, "बसायचं माझं."

"मला वाटलं, ॲम्ब्युलन्सनेच येईल," तेजस म्हणाला. "आणि तसंही, आई, आता मागे बसणार कोण? बाबा नाहीत. आजी काय आता गाडीतून फिरणार आहे? डेड वेटच होतं ना सगळं."

शर्मिलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आजी हॉस्पिटलात धडधडीत जिवंत, सकाळीच चहा पांचट म्हणून नर्सशी भांडलेली, आणि हा पाना घेऊन तिची जागा खोलून मोकळा झाला होता! रडून फेकलं असतं, रागाने फेकलं असतं, तर एक वेळ समजलं असतं. याने तर शीळ घालत स्क्रू काढले असतील.

"सीट कुठाय?"

"पुढची जुन्या बाजारात विकली. मागची... ऑफिसात आहे."

"चल."

आयटी पार्कच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "व्हिजिटर पास?"

"सीट न्यायला आलेय. पास माझा काढता की सीटचा?"

वॉचमनने मुकाट्याने रजिस्टर पुढे केलं. वर एका खोलीत भिंतीवर रंगीत अक्षरांत 'चिल झोन' लिहिलं होतं, आणि त्याखाली लाकडी चौकटीवर सोजरबाईंची सीट. सोफा म्हणे! तिच्यावर दोन मुलं आणि एक मुलगी कॉफी पीत रेलली होती.

"उठा."

"मॅम, आपण कोण?"

"आपण ज्याच्यावर बसला आहात, त्याची मालकीण."

तिघं उठली. तेजसचे कान लाल झाले होते. त्याने आणि सौरभ नावाच्या त्याच्या मित्राने सीट उचलली, आणि लिफ्टमध्ये ती मावेना म्हणून पाच मजले जिन्याने उतरवली. शर्मिलाबाईंनी हात लावला नाही. संध्याकाळी पोपट मेकॅनिकने ती परत जागेवर बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डबॉयनी सोजरबाईंना अलगद मागे सरकवलं. त्यांनी पाठीमागे उशी घेतली, सीटवरून हात फिरवला.

तेजस डबे आणि गाठोडं घेऊन बाहेर उभा होता.

"तू बसने ये," शर्मिलाबाई म्हणाल्या. "गाडीत जागा नाही."

"अगं, पोराला रस्त्यात टाकून जाती व्हय?" सोजरबाई कडाडल्या. "बस रं बाळा, म्होरं खाली बस. आन् म्होरली खुर्ची कुठं गेली गं?"

तेजसने मान खाली घातली. शर्मिलाबाईंच्या जिभेवर सगळं आलं होतं. सांगून टाकावं: तुझ्या लाडक्याने तुला वजनातून वजा केलंय म्हणावं. पण ऐकणारीचा जीव त्या नातवात होता.

"दुरुस्तीला दिलीय," त्या म्हणाल्या. या कार्ट्यासाठी आईशी खोटं बोलावं लागलं, म्हणून त्यांचं डोकं आणखीच तापलं.

तेजस उघड्या पत्र्यावर बसला, गुडघे हनुवटीला टेकवून, गाठोडं पोटाशी धरून. सीट काढलेल्या जागचे बोल्ट त्याला टोचत होते. सोलापूर रस्ता नेहमीसारखाच खणलेला होता. शर्मिलाबाईंना वाटत होतं, प्रत्येक खड्ड्यात गाडी दणकन घालावी. एकेक गतिरोधक उडवावा, बसू दे याला पत्र्याचे फटके. पण मागे सळई घातलेली मांडी होती. प्रत्येक खड्ड्याआधी त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जात होता. गाडी गोगलगाईसारखी सरकत होती, मागून हॉर्न वाजत होते, आणि त्या दात-ओठ खात होत्या.

फातिमानगरपर्यंत सोजरबाईंचा डोळा लागला. तेजसने वर पाहिलं.

"थँक्स, आई," तो हळूच म्हणाला. "किती सांभाळून चालवतेयस."

शर्मिलाबाईंनी मान वळवली नाही.

"तुझ्यासाठी नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खड्ड्याआधी पुन्हा ब्रेक दाबला.