केळ्याचं कूळ

सहाणेवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिमग्यात जिथे पालखी टेकते, त्या चौथऱ्यावर आज जनुकनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्या हातातल्या काचेच्या पेल्यात पांढरे धागे वर चढत होते. मघाशी त्यात लवूकाकांनी सगळ्यांदेखत टाकलेली खारट पाण्याची चूळ होती, दुसरं काही नाही. महाराजांनी तिच्यात दोन पळ्या तीर्थ घातलं, वरून लोट्यातली गंगा सोडली, आणि पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी तरंगत वर आलं.

"बा कुळपुरुषा," महाराजांनी देवापुढच्या गाऱ्हाण्याचा सूर लावला, "ह्या लवूचे धागे दिसले, ह्याचा कूळ शुद्ध झाला."

"व्हय म्हाराजा," गाव एका तोंडाने म्हणाला.

"डी म्हणजे देव, एन म्हणजे नारायण, ए म्हणजे आत्मा. तो ह्या पेल्यात उतरला."

"व्हय म्हाराजा."

दर्शनाने कपाळाला हात लावला. रत्नागिरीच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. असं उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर तिने पेपर घरच्यांना वाचून दाखवला असता. पण आज हसायची सोय नव्हती. ती आली होती भाच्याच्या बारशाला, आत्या म्हणून कानात नाव सांगायला. आणि पाळणा घरात रिकामा टांगलेला होता. कारण पोराचे डोळे घारे होते.

आईचे काळे, बापाचे काळे, मग पोराला घारे आले कुठून? हा प्रश्न सखूने, म्हणजे दर्शनाच्या आईने, प्रथम शेजारणीला विचारला, आणि मग तो गावभर हिंडून महाराजांकडे पोचला. महाराजांचा तोडगा सोपा होता. बापाची चूळ आणि पोराची लाळ एका पेल्यात. धागे निघाले तर पोर कुळाचं. नाही निघाले तर मालनने पोराला घेऊन केळशीला माहेरी जायचं.

मालन पोराला छातीशी धरून बसली होती. शेजारी तिचा नवरा हर्षद. मुंबईहून रजा काढून आलेला हा बहाद्दर चटईच्या काड्या मोजत होता.

"वन्सं," मालन हळूच म्हणाली, "काय होईल वो?"

"बघू दे मला जरा," दर्शना म्हणाली.

आणि ती खरंच बघू लागली, पेल्याकडे नव्हे, लोट्यांकडे. लोटे दोन होते. एकाला बाहेरून घाम फुटला होता, थेंब ओघळत होते. दुसरा कोरडा ठणठणीत. घाम फुटलेला लोटा दरवेळी भगव्या फडक्याखालच्या पेटीतून निघत होता, आणि त्या पेटीतून बर्फाचं पाणी झिरपत होतं.

हर्षदने चूळ टाकली, पोराची लाळ फडक्याने पुसून पेल्यात पिळली. महाराजांनी तीर्थ घातलं, डोळे मिटले, आणि हात कोरड्या लोट्याकडे गेला.

पेल्यात काहीच उठलं नाही.

"बा कुळपुरुषा," महाराज खोल आवाजात म्हणाले, "हा पोर परका झाला."

"व्हय म्हा..." गाव अर्ध्यात अडखळला. सवयीने तोंड उघडलं होतं, पण समोर मालन रडत होती. सखूने पदर तोंडात धरला. हर्षदने मान वर केली नाही, आणि दर्शनाला भावाचा मनापासून राग आला.

ती उठली. "महाराज, एक शंका. तुमचं स्वतःचं कूळ कधी बघितलंयत?"

"आमचं कूळ स्वयंभू आहे, बाई."

"मग तर बघायलाच हवं. भरा चूळ."

"बघू दे की वो म्हाराज," लवूकाका म्हणाले. "मी पन भरलीच की."

नाही म्हणायला जागा उरली नाही. महाराजांनी चूळ टाकली. दर्शनाने तीर्थ घातलं, कोरडा लोटा उचलला आणि ओतला. पेला तसाच. ती गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणाली, "बा कुळपुरुषा, महाराजांचा कूळच नाय झाला."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला, आणि मग आपण काय म्हणालो ते ऐकून हसू लागला.

दर्शनाने आता घाम फुटलेला लोटा घेतला. महाराज पुढे झाले, पण मध्ये लवूकाका फतकल मारून बसले होते. महाराजांच्या पेल्यात धागे उठले. हर्षदची पुन्हा चूळ घेतली, पोराच्या लाळेशिवाय. त्यातही उठले. मग तिने प्रसादाच्या ताटातलं केळं कुस्करलं, खारट पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं, तीर्थ घातलं, तोच लोटा हळूच ओतला. सगळ्यांपेक्षा दाट धागे आले ते केळ्याचे.

"केळ्याचं कूळ अव्वल निघालं," ती म्हणाली. "वास घ्या लोट्याचा, काका."

लवूकाकांनी नाक मुरडलं. "दवाखान्यातला स्पिरिट हाय हा."

"बर्फात गार केलेलं. आणि तीर्थ म्हणजे भांडी घासायचा साबण. चुळीबरोबर तोंडातल्या पेशी येतात. साबण त्यांची साल फोडतो, आतला डीएनए मिठाच्या पाण्यात सुटतो, पण गार स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही, म्हणून धाग्यासारखा वर दिसतो. माणसाचा, केळ्याचा, सगळ्यांचाच. कोण कोणाचं पोर हे त्याच्याकडे नुसतं बघून कळत नाही. ते कोरड्या लोट्यातल्या साध्या पाण्याने ठरवलं, आणि लोटा कुठला ते महाराजांनी."

"पन डोळे?" सखू कळवळून म्हणाली. "डोळे आले कुठून गो?"

"आये, तुझा बापूस केरूआजा. त्याचे डोळे कसे होते?"

लवूकाकाच आधी बोलले, "घारे. आमी पोरं त्याला भ्यायचो."

"पन ते माज्यात नाय आले," सखू म्हणाली. "माज्यात नाय तर नातवात कुठून येतील?"

"हापूसची कोय लावून हापूस मिळतो का गो?"

"छट. रायवळ निघतो, काय पन निघतो. म्हणून तर कलम बांधायचा."

"का निघतो? कोयीत दोन झाडांचं येतं म्हणून. माणूस कोयीचंच झाड आहे, आये. प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, तेवीस आईची, तेवीस बापाची. गुणसूत्र म्हणजे ह्याच धाग्याची घट्ट गुंडाळी. धाग्याचा एकेक तुकडा म्हणजे जनुक, एकेक हुकूम. काळ्या डोळ्यांचा हुकूम बहुतेक वेळा मोठ्याने बोलतो, घाऱ्याचा गप्प राहतो. गप्प राहिला तरी पुढच्या पिढीत जातो. आजाचा तुझ्यातून दादात आला. वहिनीच्या केळशीच्या आत्तेचे डोळे घारेच आहेत. दोन गप्प हुकूम ह्या पोरात भेटले."

महाराजांना तेवढ्यात गणपतीपुळ्याचं तातडीचं बोलावणं आठवलं. पेटी तशीच सोडून ते जीपकडे निघाले. लवूकाका आणि चार माणसं, त्यांना पोलीस पाटलाच्या ओटीवर बसवायला, मागोमाग गेली.

मालनने डोळे पुसले. ती दर्शनाकडे नव्हे, नवऱ्याकडे वळली. "वन्संनी केळ्याचे धागे काढले म्हणून मी इथे राहिले. नसते काढले, तर तुमी काय बोलला असतात?"

"चुकलो," हर्षद म्हणाला, आणि पहिल्यांदा पोराला स्वतःहून हातात घेतलं. पोराने केरूआजाच्या डोळ्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं.

संध्याकाळी पाळणा हलला. सखू लाजत म्हणाली, "नाव केरू ठेवूया काय?"

"नको, आये," मालन म्हणाली. "डोळे घेतले तेवढे पुरे. सागर ठेवायचा."

गावात कोणी कोयीच्या झाडाला त्याच्या फळाबद्दल कधी जाब विचारला नव्हता. एवढी अक्कल बागेत होती. ती घरात आणायचीच काय ती बाकी होती. दर्शना पाळण्यात वाकली. भाच्याच्या कानात तिने नाव सांगितलं, आणि आत्याचा मान म्हणून आणखी एक गोष्ट: "मोठा झालास की व्हय म्हाराजा म्हणायच्या आधी विचार, लोटा कुठला."