चालणाऱ्याला गाव चुकत नाही

चाकाचा शोध ही माणसाने स्वतःच्या पायांशी केलेली पहिली गद्दारी होय, असं दानिएल साळवे यांनी दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी जाहीर केलं. जाहीर केलं ते स्कूटरवर बसून. शिरूरमधल्या आपल्या बिल्डिंगखालून ते पाव आणायला निघाले होते, आणि पावाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं.

दानिएलराव नुकतेच रिटायर झाले होते. त्याआधी सगळा जन्म रांजणगावच्या कंपनीची बस त्यांना दारातून उचलायची आणि दारात आणून ठेवायची, पार्सल ठेवावं तसं. त्यामुळे चालण्याचा अनुभव बेताचाच. आठवणी मात्र मुबलक. "आमच्या काळी आम्ही कोस कोस चालायचो," हे वाक्य त्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा म्हटलं जायचं.

"मग चालूनच दाखवा ना," पुण्याहून सुट्टीला आलेली त्यांची मुलगी फेथ म्हणाली. "मांडवगण फराट्यापासून नदीपलीकडच्या गावापर्यंत. तिथे नोएलमामा दौंडहून गाडी घेऊन येईल. पण पप्पा, वाटेत एकदा जरी चाकावर बसलात, तर 'आमच्या काळी' हे शब्द बंद."

"किती दिवस?"

"जन्मभर," स्वयंपाकघरातून तिच्या आई, दबोराबाई, म्हणाल्या. त्या कांदा चिरत होत्या, पण आवाज प्रसन्न होता.

दानिएलरावांनी हिशेब केला. हे दोन शब्द गेले तर आपल्याजवळ बोलायला 'मीठ दे' आणि 'आमेन' एवढंच उरतं. त्यांनी फेथचा हात हातात घेतला आणि अट मान्य केली.

मांडवगणपर्यंत तिघेही एसटीने गेले. एसटीला चाकं असतात, हे फेथने नोंदवलं. एसटी ही गाडी नसून परिस्थिती आहे, असं दानिएलरावांनी उत्तर दिलं आणि गाव संपल्यावर पहिलं पाऊल टाकलं.

दुसरं टाकायच्या आत मोटरसायकल थांबली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेला ज्ञानू गवळी.

"बसा की मामा. किटल्या सरकवतो."

"नको. आम्ही चालत जाणार."

"गाडी बंद पडली व्हय?"

"नाही."

"मग नवस हाय?"

"नाही रे. हौस आहे."

ज्ञानू गंभीर झाला. मयताच्या घरी माणूस होतो तसा. मग हळूच दबोराबाईंकडे वाकला. "मामी, मामांची तब्येत बरी हाय ना?"

"रिटायर झालेत," दबोराबाई म्हणाल्या.

"आसं म्हना की," ज्ञानू सुटकेच्या आवाजात म्हणाला. "जपून जावा. उसात बिबट्या फिरतोय." आणि पुढच्या प्रत्येक वस्तीला ही बातमी देत निघून गेला. बिबट्याची नव्हे, ती जुनी झाली होती. हौसेने चालणाऱ्या माणसाची.

त्यामुळे पुढच्या वस्तीवर कुशाबाई रस्त्यातच उभी होती. कपाळभर कुंकू, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला कोकरू.

"तुम्हीच का ते चालणारं?" तिने विचारलं. "आवं दादा, माजी धनश्री नदीपल्याड दिलीया, तुमच्या वाटंवरच. डब्यात करंज्या हायती. आन् ह्ये कोकरू नातवाला कबूल केलंय. एवढं पोचवा."

"कुणा गाडीवाल्याकडे का देत नाही?" फेथने विचारलं.

"गाडीवाला बोलत बोलत गाव मागं टाकतो, बाय. सांच्याला म्हनतो, इसरलो. चालणाऱ्याला गाव चुकत न्हाई. आन् ह्याला गाडी लागती." कुशाबाईने कोकराकडे ओशाळ्या नजरेने पाहिलं. "मागं पिकअपात घातलं, तर निम्म्या वाटंतनं परत आणाया लागलं."

"आमच्यावर भरवसा कसा ठेवलात?" दानिएलराव भारावून म्हणाले.

कुशाबाईने त्यांना बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही पळून किती लांब जाल?"

कोकराला गाडी लागत होती, पण चालणंही पसंत नव्हतं. त्याने रस्त्यावर चारी पाय रोवले. दबोराबाईंनी चुचकारलं, फेथने ढकललं, दानिएलरावांनी इंग्रजीत दटावलं. शेवटी त्यांनी ते खांद्यावर घेतलं. कोकराने त्यांच्या कानाची चव पाहिली आणि समाधानाने डोळे मिटले.

"चर्चच्या कॅलेंडरवर अगदी असंच चित्र आहे," दबोराबाई मागून म्हणाल्या. "फक्त त्यातल्या माणसाला पोट नाही."

पूल ओलांडून ते दौंड तालुक्यात शिरले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं. नदीची शोभा बघू, असं दानिएलराव घरून म्हणत आले होते. त्यांना दिसत होती ती फक्त आपल्या गळ्यापुढे लोंबणाऱ्या चार पायांची शोभा. किटल्या रिकाम्या करून परतणारा ज्ञानू पुन्हा थांबला. "आता तरी बसा की मामा, गाडी फिरवतो!" दानिएलरावांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण फेथ बघत होती. त्यांनी 'हो' गिळलं आणि वर पाणी प्यायलं.

उसाच्या एका फडाकडेला त्यांनी कोकरू खाली ठेवलं. ते ताबडतोब उसात शिरलं. जे सकाळपासून एक पाऊल चाललं नव्हतं, ते शेपूट उडवत दिसेनासं झालं.

मग ऊस हलला. आधी थोडा, मग बराच. आतून कुणीतरी जोरात शिंकलं.

दानिएलराव कंपनीच्या इतिहासात कधी धावले नव्हते इतक्या चपळाईने धावले. कडेला गवतात अर्धी बुडालेली एक ट्रॉली उभी होती. ते तिच्यावर चढून बसले आणि प्रार्थनेच्या मधल्या भागापासून सुरुवात केली.

उसातून कोकरू बाहेर आलं. तोंडात पाचट होतं. त्याने मान वर करून दानिएलरावांकडे पाहिलं. रस्त्यावर उभ्या दबोराबाई आणि फेथ यांनीही पाहिलं.

"मी वरून शोधत होतो त्याला," दानिएलराव म्हणाले.

"चाकावर बसलात," फेथ म्हणाली.

"ट्रॉली हलत तरी होती का?"

"अट बसायची होती, पप्पा. हलायची नव्हती."

दानिएलराव उतरले. कोकरू खांद्यावर घेतलं. पुढचा सगळा रस्ता ते एक शब्द बोलले नाहीत. बोलायला शब्दच राहिले नव्हते. दबोराबाईंना त्यांची दया आली, पण शांतता इतकी गोड होती की त्यांनी दया जरा पुढे ढकलली.

धनश्रीचं घर गावात शिरताच होतं. पोराने कोकराला मिठी मारली. धनश्रीने पाण्याचा तांब्या दिला, चहा टाकला, आणि मामांचा चेहरा असा का, म्हणून विचारलं. फेथने खटला सांगितला.

"उसाकडंची? गवतातली?" धनश्री हसायलाच लागली. "आवं ती आमचीच ट्रॉली. तिची चाकं कवाच काढून नेल्यात मालकांनी. दगडावर उभी हाय ती!"

दानिएलरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे मी दगडावर बसलो," दानिएलराव सावकाश म्हणाले. "चाकावर नाही."

फेथने दबोराबाईंकडे पाहिलं. दबोराबाईंनी आभाळाकडे पाहिलं. तिकडूनही काही मदत आली नाही.

दानिएलराव उठून उभे राहिले. शर्टावर कोकराने केलेल्या नक्षीकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. शेजारच्या बायाही कुंपणाशी जमल्या होत्या. दानिएलरावांनी छाती भरून श्वास घेतला, एक हात वर केला आणि सुरुवात केली, "आमच्या काळी..."

"मामा," धनश्री घरातून डबा घेऊन आली. "आईचा डबा रिकामा कसा धाडू? लाडू भरलेत. जाताना तेवढा पोचवा. चालतच जाणार न्हवं?"