अर्शीच्या खात्याची गळती

मी एक जुना पासबुक-प्रिंटर आहे, मित्रांनो. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात एक बँक आहे. तिथल्या काउंटरमागच्या टेबलावर माझी नोकरी झाली. मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. पासबुक आत सरकवलं की माझं डोकं खर्र-खर्र करत इकडून तिकडे धावतं आणि कोऱ्या ओळींवर आकडे उमटतात. पासबुक आलं नाही, तर मात्र कुणाच्या खात्यात काय चाललंय ते मला कळत नाही. मग नुसती तगमग होते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा इंदूताईंचा चेहरा दिसला. त्या इथल्या कारकून. रोज सकाळी त्या माझ्यावरची धूळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "चल बाबा, आज लई गर्दी हाय." दरवर्षी जूनमध्ये मुलामुलींची रांग दारापर्यंत जायची. कुणी उदगीरचं, कुणी माहूरचं. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असायचं. त्यांच्यासाठी बँकेत विद्यार्थी खातं होतं. त्यात एक रुपया नसला तरी चालायचं.

अशाच एका जूनमध्ये रेणापूरची अर्शी आली. तिच्यासोबत तिची अम्मी होती, दिलशाद. साड्यांना फॉल-पिको करून ती घर चालवायची. पासबुकावर मुलीचं नाव उमटलं तसं तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"घरात पैसा ठेवायला भीती वाटती बघा," ती इंदूताईंना म्हणाली. "भूकंप झाला तवा मी पोरगी होते. औशाकडं गाव होतं आमचं. अब्बांनी सारी कमाई भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली. पहाटं भिंतच आली खाली. आम्ही वाचलो, पैसा मातीत गेला. तवापासून अब्बा म्हणायचे, पैसा बँकेतच ठेवायचा."

पुढची दोन वर्षं ती दोरे आणि अस्तर आणायला गंजगोलाईच्या बाजारात आली, की इथेही यायची. थोडे पैसे भरायची आणि माझ्याकडून पासबुक छापून घ्यायची. माझा आवाज थांबेपर्यंत तिची नजर हलायची नाही. "मशीन चांगली हाय तुमची," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मला कोण आनंद झाला!

अर्शीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही. ती खूप रडली म्हणे. मग तिने रुग्णसेवेचा एक छोटा अभ्यासक्रम केला आणि तिला नांदेडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पगारासाठी दवाखान्याने तिचं दुसऱ्याच बँकेत खातं उघडलं. आमच्याकडच्या खात्यात सात हजार रुपये होते. मायलेकींनी ठरवलं की त्यांना हात लावायचा नाही. नर्सिंगच्या मोठ्या पदवीच्या प्रवेशाला ते लागणार होते. पासबुक रेणापूरच्या कपाटात गेलं, आणि माझी त्याच्याशी गाठ तुटली.

दीड वर्षाने दोघी पुन्हा आल्या. अर्शी घाईत होती. प्रवेशाचा अर्ज शुल्कासह भरायची ती शेवटची तारीख होती. इंदूताईंनी पासबुक माझ्यात सरकवलं आणि मी धावू लागलो. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. प्रत्येक ओळीत दंड. मध्येच एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्क, मग पुन्हा दंड. पान भरलं तरी ओळी संपेनात. मित्रांनो, मला थांबावंसं वाटत होतं. पण थांबणं माझ्या हाती नसतं.

शेवटच्या ओळीत आठशे रुपये उरले होते.

"हे काय झालं, मॅडम?" अर्शीने विचारलं. "मी एक रुपया काढला न्हाई."

इंदूताईंनी संगणकावर पाहिलं. "तुमचं शिक्षण संपलं, तसं विद्यार्थी खातं साधं झालं. साध्या खात्यात दहा हजार ठेवावे लागतात. त्याच्या खाली गेलं की दर महिन्याला दंड कापतात."

"पण मला कुणी सांगितलंच न्हाई!"

"मेसेज गेलेत. ह्या नंबरवर."

अर्शीने नंबर पाहिला. तो जुना होता. नांदेडला गेल्यावर तिने सिम बदललं होतं. बँकेला नवा नंबर द्यायचा असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दिलशाद इतका वेळ पासबुकाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "भिंतीनं खाल्ला. आता बँकेनं बी खाल्ला." मग ती मॅनेजरसाहेबांच्या केबिनसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. "काय ते कळल्याबिगर मी हितून उठत न्हाई."

रांगेतले लोक कुजबुजू लागले. शिपाई पाणी घेऊन आला, ते तिने घेतलं नाही. शेवटी इंदूताई अर्शीला घेऊन आत गेल्या. दार उघडंच होतं.

"नियमानं कापलेत," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"खातं बदलताना माझी सही घेतली का, सर?" अर्शीने विचारलं. "एक कागद तरी घरी पाठवला का? पत्ता तर तोच हाय."

साहेबांनी संगणकावर पत्त्याची नोंद तपासली. "तीन महिन्यांचा दंड मी परत करू शकतो. बाकीचं वर विचारावं लागेल. अर्ज द्या."

तीन महिन्यांच्या दंडाने प्रवेशाचं शुल्क भागणार नव्हतं आणि अर्शीचा पगार तर दर महिन्याला खर्चातच संपायचा. संध्याकाळी मुदत संपणार होती. अर्शी बाहेर आली आणि अम्मीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "हे बी साल गेलं, अम्मी."

दिलशादने तिला रडू दिलं. मग पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढल्या साली भर. पण ह्या खात्याचं काय ते आजच करून जाऊ. उद्या पुन्हा कापतील."

त्या दुपारी अर्शीने अर्ज लिहिला, नवा नंबर नोंदवला. किमान रक्कम ठेवावी लागत नाही असं मूलभूत बचत खातं इंदूताईंनी करून दिलं. नको असलेलं कार्ड अर्शीने परत केलं.

बाकीच्या दंडातला निम्मा परत आला, निम्मा गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी मात्र अर्शीने अर्ज वेळेत भरला. आज ती नांदेडला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

माझी रिबन आता फिकी छापते. दर्शनी भागात नवं यंत्र आलं आहे. लोक स्वतःच त्यात पासबुक घालतात. इंदूताई मला पुसायला विसरतात. पुढच्या आठवड्यात मला भंगारात काढणार आहेत, असं मी ऐकलं.

मित्रांनो, जाण्याआधी एक सांगतो. पैसा बँकेत ठेवला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. पासबुक अधूनमधून छापून घ्या. नंबर बदलला तर बँकेला कळवा. शिक्षण संपलं, नोकरी लागली किंवा सुटली, की आपल्या खात्याचं काय होणार ते विचारा. विचारायला लाजू नका.

कालच दिलशाद आली होती. सोबत तिच्या गल्लीतली कहकशां होती. तिला कपड्यांच्या दुकानात पहिली नोकरी लागली आहे आणि पगाराचं खातं इथे उघडायचं आहे. पोरगी काउंटरपाशी अवघडून उभी राहिली.

"विचार की," दिलशादने तिला कोपराने ढोसलं.

"मॅडम," कहकशां म्हणाली, "माझा पगार थांबला, तर ह्या खात्याचं काय होतं?"

इंदूताईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "बस. सगळं सांगते."