दहावी चादर

"एक, दोन, तीन, चार, पाच. झाले, आई. पाच," ताई म्हणाली आणि बागेच्या फाटकाचा फिरता दांडा धाकट्या बहिणीला लागू नये म्हणून तिने तो हाताने धरून ठेवला.

"बरोबर," मी म्हणाले आणि आम्ही आत शिरलो.

हे आमचं नेहमीचं. रस्ता ओलांडला, बस बदलली, कुठल्या दारातून आत-बाहेर झालो, की मोजणी. मोजायचं ताईने आणि 'बरोबर' म्हणायचं मी. पाचांतला पहिला नऊ वर्षांचा वकील. त्याला 'ऊठ' म्हटलं तरी तो आधी कारण विचारतो. मग सात वर्षांची जोडगोळी, दोन्ही मुलगे. एकाला खरचटलं की दुसरा रडतो. मग चार वर्षांची शेपटी, कायम कुणाच्या ना कुणाच्या मागे. आणि दहा महिन्यांचं बाळ. ताई अकरा वर्षांची. भावंडं तिला ताई म्हणतात, म्हणून हळूहळू मीही म्हणायला लागले, आणि आमचे हेही.

हे बेकरीत भट्टीवर असतात, कायमची रात्रपाळी. मी इस्पितळाच्या धुलाईघरात, चौदा वर्षं. आमच्याकडे चादरी इस्त्री होऊन आल्या की दहा-दहाचं गाठोडं बांधतात. नऊ चादरी घडी करून आत आणि दहावी खाली अंथरून तिच्याच टोकांची गाठ. नवी आलेली बाई पहिल्या दिवशी गाठोडं सोडते, नऊ मोजते आणि तोंड एवढंसं करून माझ्याकडे येते, की एक कमी आहे. मी म्हणते, "अगं, हातात काय धरलंयस ते बघ." मग सगळ्याजणी हसतात. चादरीवर नुसती नजर टाकून मी सांगते, ही बाळंतिणींची, ही हाडांच्या वॉर्डातली. माझी नजर कधी चुकत नाही, हे मी चारचौघांत जरा तोऱ्यातच सांगत असते.

आम्हा दोघांची सुट्टी एका दिवशी यायला तीन-तीन महिने लागतात. ती आली, की झोपेचं खोबरं झालं तरी चालेल, पण मुलांना कुठेतरी न्यायचं, असं आमचं ठरलेलं. शहराच्या टोकाला ही तळ्याकाठची बाग. हे आत शिरले ते थेट झाडाखाली आडवे झाले आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. "अरे, पाण्यापाशी जाऊ नका. अरे, त्याला ढकलू नका." डोळे मिटलेलेच होते.

"तुम्हाला दिसतंय तरी का?" मी विचारलं.

"दिसायला कशाला हवं? आपलीच आहेत. काय करत असतील ते ठाऊकच आहे."

मुलांना नावेत बसायचं होतं. नावेत सहा जणांना जागा. ह्यांना हलवून उठवलं. हे, वकील, जोडगोळी आणि शेपटी, असे पाच जण बसले. बाळाला नावेत घेत नव्हते. ते ताईच्या कडेवर होतं आणि तिच्या दुसऱ्या हातात चौघांच्या चपला-बुटांची पिशवी होती.

"आई, मी जाऊ? एक जागा आहे," ती म्हणाली.

"आणि बाळाला कोण घेणार? मला अजून डबे उघडायचेत, पाव कापायचेत. पुढच्या वेळी बस."

"बरं," ती म्हणाली. ती नेहमी 'बरं'च म्हणते. लहानपणापासून तिने कशाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही, आणि मी हे चार बायकांना कौतुकाने सांगायचे. नाव एक जागा रिकामी घेऊन गेली. ताई काठावर उभी राहून बाळाचा हात धरून त्यांना टाटा करत होती.

मग दिवस गेला तसा गेला. जोडगोळीने अंड्यांवरून मारामारी केली. वकिलाने घसरगुंडीवर रांगेचे नियम केले आणि पहिला स्वतःच मोडला. शेपटी एका अनोळखी कुटुंबाच्या मागे निघाली होती, तिला ताईने परत आणलं. मी तासभर पाय पसरून बसले. कितीतरी महिन्यांनी बसले, आणि मला वाटलं, माझी मुलं किती शहाणी आहेत.

सहाला बाग बंद व्हायची. पावणेसहाला मी आवराआवर काढली. ताई डबे विसळायला नळावर गेली. इतक्यात हे फाटकापाशी जाऊन ओरडायला लागले, की बस येतेय आणि पुढची पाऊण तासाने आहे. मग एकच धांदल उडाली. शेपटीचा एक बूट सापडेना. सगळं गवत पालथं घातलं तेव्हा कळलं, की तो वकिलाच्याच काखेत आहे. "काखेत कळसा नि गावाला वळसा," हे म्हणाले आणि आम्ही सगळे हसत फाटकाबाहेर धावलो.

बसच्या पायरीपाशी मी वकिलाला म्हणाले, "मोज रे."

मोजायचा मान त्याला पहिल्यांदाच मिळाला होता. त्याने आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "एक." मग जोडगोळी, मग शेपटी, मग बाळ. "पाच."

"बरोबर," मी म्हणाले आणि आम्ही चढलो.

दोन थांबे गेले. बाळ कुरकुरायला लागलं. मी खिडकीबाहेर बघतच त्याला बाजूला पुढे केलं आणि म्हणाले, "ताई, घे जरा." कुणी घेतलं नाही. माझे हात तसेच पुढे राहिले. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "माझ्याकडे देताय का?"

मी ओरडले नाही. मी उठून बसमध्ये मागेपर्यंत जाऊन आले, मग ह्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांचा डोळा लागला होता. "ताई नाही," मी म्हणाले. ह्यांनी बस थांबवायला लावली.

उतरल्या उतरल्या ह्यांनी वकिलावर हात उगारला. "एवढं मोजता येत नाही तुला?"

"मी बरोबर मोजलं," वकील म्हणाला. "पाच म्हणजे पाच. आईपण बरोबर म्हणाली."

"त्याला नका मारू," मी म्हणाले. "आपण पाचच शिकवलेत."

दोन थांब्यांचा रस्ता आम्ही उलटा चालत निघालो. हे शेपटीला खांद्यावर घेऊन पुढे धावत होते, मागे जोडगोळी रडत होती. एवढा लांब रस्ता मी आयुष्यात चाललेले नाही. चौदा वर्षं ज्या बायकांना मी हसले, त्यांची तोंडं एकेक करून समोर येत होती. वळणावरून तळं दिसायला लागलं. पाणी अगदी सपाट होतं, त्यावर काही दिसत नव्हतं, आणि काही दिसत नव्हतं म्हणूनच मला भीती वाटत होती.

फाटकाशेजारी एक खोली होती. तिथला कारकून कुलूप हातात घेऊन निघालाच होता. आमच्याकडे बघून तो परत खुर्चीत बसला आणि त्याने वही उघडली. बरा माणूस होता.

"मुलगा की मुलगी? नाव?"

"ताई," मी म्हणाले.

"घरचं नको, बाई. शाळेतलं सांगा."

मी सांगितलं. तिच्या बारशाला मीच हट्टाने ठेवलेलं नाव, पण किती तरी दिवसांनी तोंडात आलं म्हणून दुसऱ्या कुणाच्या मुलीचं असल्यासारखं वाटलं.

"वय?"

"अकरा."

"अंगात कपडे कोणते?"

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. वकिलाचा चौकड्यांचा शर्ट, उजव्या कोपराला ठिगळ. जोडगोळीचे निळे सदरे, एकाच्या बाहीवर शाई. शेपटीचा पिवळा फ्रॉक, पाठीवर दोन हूक आणि एक तुटलेला. हे सगळं मला येत होतं, कारण सकाळी ते मी घातलं होतं. ताई आपली आपण तयार होते. ती तयार होऊन बाळाला घेऊन दारात उभी होती, एवढंच मला आठवलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"लाल?" हे म्हणाले. सांगितलं नाही, विचारलं.

कारकुनाने पेन क्षणभर वर धरलं. "राहू द्या," तो म्हणाला. भोंग्याची कळ दाबून त्याने नुसतं नाव आणि वय पुकारलं, तीनदा.

रिकाम्या बागेत ते नाव लांबवर ऐकू गेलं. ह्यांच्या खांद्यावरून शेपटीने विचारलं, "कोण हरवलंय?"

"तुझी ताई."

"ताईला नाव आहे?" शेपटी म्हणाली.

तेवढ्यात ती दिसली. तळ्याच्या बाजूने पायवाटेवरून येत होती, छातीशी तीन डबे एकावर एक धरून. धावत नव्हती. मी धावले. तिला दोन थोबाडीत द्याव्यात की पोटाशी धरावं हे मला कळेना, आणि दोन्ही राहिलं. मी तिचे दंड धरून उभी राहिले.

"कुठे होतीस? बस निघाली तर हाक मारता येत नाही?"

"मी आले होते, आई. फाटकाच्या आतच होते. तो मोजत होता ते दिसलं मला." तिचा आवाज शाळेत काय झालं ते सांगताना असतो तसाच होता. "तो पाच म्हणाला. तू बरोबर म्हणालीस."

"मग हाक मारायची ना."

तिने जरा विचार केला. "मोजणी बरोबर आली ना. मला वाटलं, तुला कळेल. मग बस गेली."

हे दुसरीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी बाहीने नाक पुसलं. कारकुनाने सहीसाठी वही पुढे केली. मुलगी मिळाली, असं त्याने लिहिलं होतं आणि कपड्यांच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती. मी रेघेच्या खाली सही केली.

नावा काठाला लावून नावाडी साखळीत कुलूप अडकवत होता. मी त्याच्याकडे गेले. "दादा, एक फेरी होईल? फक्त हिला."

"बंद झालं, बाई. सहाच्या पुढे परवानगी नाही."

"पाच मिनिटं हो."

"राहू दे, आई," ताई मागून म्हणाली. "पुढच्या वेळी." दुपारी मी जसं म्हणाले होते, अगदी तसंच.

पाऊण तासाची बस आली. वकील पायरीपाशी थांबला. "मोजू? आता सहा म्हणायचं ना?" त्याने हळूच विचारलं.

"मी मोजते," मी म्हणाले. पहिला हात ताईच्या डोक्यावर ठेवला आणि "एक" म्हटलं. तिने मान खाली केली. मी तिचे केस नीट करतेय, असं तिला वाटलं.

आत बसल्यावर तिने बाळासाठी हात पुढे केले. मी दिलं नाही. "तू खिडकीत बस," मी म्हणाले. ती बसली, पण हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना. थोडा वेळ मांडीवर, थोडा वेळ खिडकीवर ठेवले, शेवटी तिने ह्यांच्याकडून डबे मागून मांडीवर घेतले. ते धरून ती झोपली. बाळ माझ्या कुशीत रडत राहिलं, त्यालाही माझी सवय नव्हती.

फ्रॉक तपकिरी होता. कॉलर पांढरी. खालची दुमड दोनदा उसवून लांबी वाढवलेली. जुन्या घडीच्या दोन रेघा दिसत होत्या, त्या कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. तिसरं बटण इतरांहून वेगळं होतं, मोठं आणि काळ्या दोऱ्याने लावलेलं. टाके बारीक, एकसारखे. ते मी लावलेलं नव्हतं.

आमचा थांबा येईपर्यंत मी तो फ्रॉक नीट बघून घेतला.